पुलावर फ्लॅट घ्यावा का?

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीची मीटिंग झाली. एरवी या मीटिंगला कोरम जमवायचा म्हणजे वॉचमनला मजल्यामजल्यावर पिटाळावं लागतं. त्या दिवशी मात्र पार्किंगमध्ये खुर्च्या कमी पडल्या. विषय होता पाइप गॅस! आमची बिल्डिंग जुनी, गल्लीच्या अगदी टोकाला. आजूबाजूच्या सोसायट्यांत पाइप येऊन जमाना झाला, आम्ही आपले अजून सिलिंडर बुक करतोय आणि तो येईपर्यंत ‘संपणार तर नाही ना’ म्हणून सिलिंडर हलवून बघतोय. आता कुठे आमचा नंबर लागला होता. पुरेशा फ्लॅटवाल्यांनी फॉर्म भरले, की पाइप गेटच्या आत.

सगळं मस्त चाललं होतं. सेक्रेटरीकाकांनी फॉर्म वाटले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी ‘आता लिफ्टमध्ये त्या सिलिंडरबरोबर उभं राहायला नको’ म्हणून सुटकेचा नि:श्वास टाकला. आणि तेवढ्यात चारशे दोन उठला. (आमच्याकडे माणसांना नावं नाहीत, फ्लॅट नंबर आहेत.) चारशे दोन इलेक्ट्रिक स्कूटरच्या कुठल्याशा स्टार्टअपमध्ये आहे.

‘काका, पण गॅस हवाय कशाला? इंडक्शन घ्या ना सगळे. टेरेसवर सोलर टाकू. सगळं जग विजेवर चाललंय आणि आपण आत्ता भिंतींना भोकं पाडून पाइप घेतोय. दहा वर्षांनी हे पाइप भंगारात विकायला मीटिंग घ्यावी लागेल!’

पार्किंगमध्ये एकदम शांतता. मग माझी आई, जी या मीटिंगला फक्त नंतरच्या चहासाठी येते, ती म्हणाली, ‘आणि भाकरी कशावर फुगवायची रे बाळा? टेरेसवर?’

हशा. टाळ्या. चारशे दोन आउट! मीटिंग चहावर आली. पण माझ्या डोक्यातून त्याचा प्रश्न काही जाईना. कारण सिंपल आहे. मी गुहागर तालुक्यातला. गॅसच्या नावाखाली बांधलेलं अवाढव्य काहीतरी भंगारात जायच्या बेताला आलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय.

तुमच्यासाठी गुहागर म्हणजे बीच, सुपारीच्या बागा आणि लाँग वीकेंड. आमच्या पिढीसाठी गुहागर म्हणजे एन्रॉन. पेपरवाले त्याला ‘दाभोळ प्रकल्प’ म्हणायचे. आता गंमत बघा, हा दाभोळ प्रकल्प दाभोळला नाहीच! दाभोळ वाशिष्ठीच्या उत्तरेला, दापोली तालुक्यात. प्रकल्प दक्षिणेला, आमच्या बाजूला, अंजनवेल-वेलदूरला. नाव त्यांचं, धूर आणि मोर्चे आमचे. १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला तेव्हा मी चौथीत होतो. रात्री आमच्या घरची वीज गेलेली असायची आणि डोंगरापलीकडे आकाश पिवळंजर्द. मामा अंगणात बसून म्हणायचा, ‘बघ, वीज तिथे बनते, आणि कंदील इथे लागतो.’ मला तेव्हा तो जोक वाटायचा.

या प्रकल्पाचा फंडा आज पुन्हा समजून घेण्यासारखा आहे. कारण तो फंडा दाभोळबरोबर संपला नाही. नवनव्या देशांत, नवनव्या नावांनी तो चालूच आहे.

तर बेसिक्स. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. जमिनीतून काढायचा आणि पाइपातून पाठवायचा. पण मध्ये समुद्र असेल तर? मग त्याला उणे १६२ अंशांपर्यंत थंड करायचं. तो द्रव होतो आणि त्याचं आकारमान सुमारे सहाशेपट कमी होतं. तो थर्मासमधल्या चहासारखा (उलटा थर्मास म्हणा) जहाजात भरायचा, दुसऱ्या देशातल्या टर्मिनलवर उतरवायचा, पुन्हा गरम करून वायू बनवायचा आणि पाइपात सोडायचा. हाच तो एलएनजी. म्हणजे एका शेगडीच्या ज्योतीसाठी एका टोकाला अब्जावधी डॉलरचा फ्रीज, मध्ये जहाज आणि दुसऱ्या टोकाला अब्जावधी रुपयांचं टर्मिनल आणि शेकडो किलोमीटरचा पाइप. एवढा पैसा घालणारा माणूस म्हणतो, मला लेखी द्या. वीस वर्षं घ्याल असं लेखी द्या. गॅस घेतला नाहीत तरी पैसे द्याल, असंही लेखी द्या.

जिमची ॲन्युअल मेंबरशिप आठवा. जानेवारीत जोशात भरलेली. फेब्रुवारीत तुम्ही गेलात काय, न गेलात काय, पैसे गेलेच. आता अशी मेंबरशिप वीस वर्षांची आहे आणि फी डॉलरमध्ये आहे अशी कल्पना करा. झालं, तुम्हाला दाभोळ समजलं!

डिसेंबर १९९३ मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने एन्रॉनच्या दाभोळ पॉवर कंपनीशी वीस वर्षांचा वीजखरेदी करार केला. कंपनीने प्रकल्प तयार ठेवायचा, मंडळाने वीज उचलो वा न उचलो, ठरलेला स्थिर आकार द्यायचा. बिल डॉलरशी बांधलेलं. तेव्हा डॉलर होता एकतीस रुपयांच्या आसपास. १९९५ मध्ये युतीचं सरकार आलं, त्याने प्रकल्प रद्द केला, मग वाटाघाटी करून मोठा करून पुन्हा आणला. (हा भाग मला कुणीही कितीही वेळा समजावला तरी कळलेला नाही.) गॅस टर्मिनल तयार होईपर्यंत पहिला टप्पा नाफ्थ्यावर चालवला. नाफ्था महाग झाला, रुपया घसरला आणि २००० मध्ये युनिटचा दर सात रुपयांच्याही पुढे गेला. मंडळाला ती वीज परवडेना म्हणून ती कमी घ्यायची. कमी घेतली की स्थिर आकार कमी युनिट्सवर पडणार, म्हणजे युनिट आणखी महाग! मे २००१ मध्ये मंडळाने वीज घेणं थांबवलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेत एन्रॉनचं दिवाळं वाजलं. दुसरा टप्पा बराचसा बांधून झालेला, टर्मिनल अर्धवट. सगळं जिथल्या तिथे उभं. डोंगरापलीकडचं आकाश काळं झालं.

आमच्याकडच्या कितीतरी घरांतली पोरं तिथे सुपरवायझर, ड्रायव्हर, कँटीनवाले म्हणून लागली होती. ती परत मुंबईला गेली. कुणी बागा विकून गाड्या घेतल्या होत्या, कंपनीला भाड्याने द्यायला. त्या गाड्या काही वर्षं अंगणात ताडपत्रीखाली पाहिल्याचं मला आठवतं. तीन अब्ज डॉलरच्या प्रकल्पाचा हिशेब पुस्तकांत सापडतो. ताडपत्रीखालच्या गाड्यांचा सापडत नाही.

पुढे २००५ मध्ये सरकारी कंपन्यांनी मिळून रत्नागिरी गॅस अँड पॉवर काढली आणि प्रकल्प जिवंत केला. पण गॅस कुठून आणायचा? २००९ मध्ये कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला, समुद्राच्या तळाचा देशी गॅस आला. सगळे खूश! दोनेक वर्षांत तिथलं उत्पादन असं काही कोसळलं की २०१३ मध्ये प्रकल्प पुन्हा बंद. नशीब बघा, त्याच २०१३ च्या जानेवारीत शेजारचं एलएनजी टर्मिनल अखेर सुरू झालं होतं. पण बाहेरून आणलेल्या गॅसची वीज घेणार कोण? शिवाय लाटा अडवणारा बंधारा बांधलेला नसल्याने कितीतरी वर्षं पावसाळ्यात तिथे जहाजच लागत नसे. आयात गॅसवर चालणारं टर्मिनल आणि चार महिने कोकणातल्या होडीसारखं किनाऱ्यावर! प्रकल्प मग २०१५ च्या शेवटी रेल्वेसाठी वीज बनवायला पुन्हा सुरू झाला.

आणि हे फक्त आमच्या गुहागरचं रडगाणं नाही. कृष्णा-गोदावरीच्या त्याच गॅसच्या भरवशावर आंध्रात आणि इतरत्र धडाधड गॅस प्रकल्प बांधले गेले. देशात गॅसवर चालणाऱ्या वीज प्रकल्पांची क्षमता तेव्हा पंचवीस हजार मेगावॉटच्या आसपास होती. त्यातली चौदा हजारांहून जास्त गॅसअभावी अडकून पडल्याचं पुढे संसदेच्या समितीसमोर आलं. बँकांची कर्जं त्याच्यासोबत. तुमच्या-माझ्या सेव्हिंग अकाउंटमधले पैसे वापरूनच बँका कर्जं देतात, हे आपलं जाता जाता.

तुम्ही म्हणाल, झालं ते झालं, जुनी गोष्ट. ओके. मग २०२२ घ्या.

तोपर्यंत गॅसला एक सॉलिड नाव मिळालं होतं – ‘पुलाचं इंधन’. म्हणजे कोळशाच्या काळ्या काठावरून सोलर-पवनाच्या हिरव्या काठावर जायचं, तर मध्ये गॅसचा पूल. लॉजिकही होतं. वीज बनवताना गॅस कोळशाच्या साधारण निम्मा कार्बन डायऑक्साइड सोडतो. राख नाही, काजळी जवळजवळ नाही. पाकिस्तानने हा पूल अगदी मनापासून बांधला. कराचीजवळ पोर्ट कासिमला २०१५ आणि २०१७ मध्ये दोन टर्मिनल्स, कतारबरोबर लांब मुदतीचे करार, पंजाबात चकाचक नवे गॅस प्रकल्प. बांगलादेशनेही २०१८ पासून जहाजं आणायला सुरुवात केली. करारात न बसणारी गरज बाजारातून रोजच्या भावाने घ्यायची. २०२० च्या मध्यात, कोविडमुळे, आशियातला हा भाव दोन डॉलरच्या आसपास आला होता. जवळजवळ फुकट!

पण रोजचा भाव म्हणजे पावसात बुक केलेली कॅब. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशिया युक्रेनमध्ये घुसला, युरोपचा रशियन गॅस आटू लागला आणि युरोप जगभरातली जहाजं उचलायला बाजारात उतरला. त्या ऑगस्टमध्ये तोच भाव सत्तर डॉलरच्या घरात गेला. जहाजं वाटेतच तोंड फिरवून युरोपकडे निघाली. जुलैमध्ये पाकिस्तानने दहा जहाजांसाठी टेंडर काढलं. किती बोली आल्या असतील? शून्य. एकही नाही! बांगलादेशने बाजारातून गॅस घेणंच थांबवलं आणि लोडशेडिंगचं वेळापत्रक लावलं. आपल्याही गेलला रशियन कंपनीच्या सिंगापूरच्या पूर्वीच्या शाखेने कराराची जहाजं दिली नाहीत, म्हणजे लेखी करार असूनही हात वर! पुढच्या फेब्रुवारीत पाकिस्तानच्या ऊर्जामंत्र्यांनी सांगून टाकलं, आता नवे गॅस प्रकल्प नाहीत, देशातल्या कोळशावरची वीज चौपट करणार. म्हणजे पूल ओलांडायला निघालेला माणूस पुलाच्या मध्यावरून मागे फिरला.

आणि खरा ट्विस्ट पुढेच आहे. वीज प्रकल्पांना तयार राहण्याबद्दल द्यायचे स्थिर आकार (तीच आपली जिम मेंबरशिप!) पाकिस्तानच्या वीजबिलात चढत गेले. बिलं इतकी वाढली, की ज्याला जमेल त्याने छतावर चिनी पॅनल्स लावली. सरकारी योजना नाही, भाषणं नाहीत. लाहोरचे दुकानदार, सिंधमधले शेतकरी, ट्यूबवेलवाले. २०२४ या एका वर्षात त्या देशाने सुमारे १७ हजार मेगावॉटची पॅनल्स आणली. ग्रिडच्या विजेची मागणी घटली, गॅस नकोसा झाला आणि २०२५ मध्ये पाकिस्तान कतारला विनवत होता, जहाजं पुढच्या वर्षावर ढकला! २०२२ मध्ये पैसे देऊनही गॅस नाही, २०२५ मध्ये आलेला गॅस ठेवायला जागा नाही. आणि स्थिर आकार? तो आहेच. फक्त आता तो छत नसलेल्यांच्या बिलात जातोय. भाड्याच्या खोलीत राहणारा पॅनल कुठे लावणार?

हे वाचलं आणि मला मामाचा कंदील आठवला.

आता तुम्हाला वाटेल, हा माणूस चारशे दोनच्या पार्टीत गेला. थांबा, बॉस. माझी आजी आठवली, की मी लगेच परत येतो. आजी चुलीवर स्वयंपाक करायची. पावसाळ्यात ओली लाकडं, फुंकणी, आणि घरभर धूर. तिचे डोळे कायम लाल आणि हिवाळ्यात खोकला इतका, की आम्ही पोरं तिच्या खोकल्याच्या आवाजाने उठायचो. घरी पहिला सिलिंडर आला तेव्हा तिने त्याला हळद-कुंकू वाहिलं होतं. चांगलं आठवतंय, रेग्युलेटरवर. चुलीच्या धुराने या देशात किती बायकांची फुप्फुसं खाल्ली, त्याच्यापुढे ‘गॅस हे जीवाश्म इंधन आहे’ हे वाक्य एसी ऑफिसात बसून फेकणं मला जड जातं. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, तिची कनेक्शन्स दहा कोटींच्या वर गेली. त्यातली कितीजणी दुसरा, तिसरा, चौथा सिलिंडर भरून घेतात हा वेगळा प्रश्न, आणि तो प्रश्न पुन्हा किमतीचाच आहे.

दिल्लीचंही तसंच. १९९८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, बस सीएनजीवर आणा. केवढी बोंबाबोंब झाली, पंपांवर रांगा लागल्या. २००२ च्या अखेरीस डिझेलच्या सिटी बस गेल्या. पुण्यातले रिक्षावाले, मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सी... सीएनजी नसता तर आपण सिग्नलला काय श्वासात घेतलं असतं, विचार करा. आणि खत! आपल्या पोळीतला गहू ज्या युरियावर वाढतो, तो युरिया गॅसपासून बनतो. अलिबागजवळ थळचा कारखाना मुंबई हायच्या गॅसवर उभा राहिला. युरिया काही इंडक्शनवर शिजत नाही.

म्हणजे गॅस चांगला की वाईट, हा प्रश्नच चुकीचा आहे. (तसंही मिथेन जळला तर बरा, पण न जळता गळला तर वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटीहून जास्त हवा तापवतो. म्हणजे विहिरीपासून बर्नरपर्यंत पाइप किती गळतात, यावर पुलाचा निम्मा हिशेब अवलंबून. विक्रेते ही ओळ बारीक अक्षरात छापतात.) मला छळणारा प्रश्न वेगळा आहे. पूल ओलांडायचा असतो ना? मग त्यावर वीस वर्षांचं होम लोन काढून फ्लॅट कोण घेतं?

उत्तर – आपणच. ६ फेब्रुवारी २०२४ ला गोव्यात भारतीय ऊर्जा सप्ताहात कतारबरोबर करार झाला. वर्षाला ७५ लाख टन एलएनजी, २०२८ पासून आणखी वीस वर्षं. म्हणजे २०४८ पर्यंत! तेव्हा तुमच्या आत्ता जन्मलेल्या मुलाचं लग्न ठरत असेल. आधीच्या करारापेक्षा अटी बऱ्या आहेत म्हणतात, आणि २०२२ चा तमाशा पाहिल्यावर लांब मुदतीचा करार शहाणपणाचाच वाटतो. रोजच्या भावाचा जुगार पाकिस्तानने खेळून दाखवला. पण लांब मुदतीचा जुगार आम्ही गुहागरला पाहिला. या दोन्हीतून सुटका देणारा तिसरा दरवाजा नाही. फक्त एक करता येतं – पूल कुठे हवा आणि कुठे नको, हे निवडून ठरवायचं.

माझं मत विचाराल, तर खताला गॅस हवाच. भट्ट्या, काचकारखाने, जिथे प्रचंड आणि सतत उष्णता लागते, तिथे अजून काही वर्षं हवा. संध्याकाळी सूर्य मावळतो आणि सगळे घरी येऊन एसी लावतात, त्या दोन-चार तासांना झटकन चालू होणारा गॅस प्रकल्प उपयोगी पडतो. २०२४ च्या उन्हाळ्यात मे-जूनमध्ये सरकारने देशभरातल्या गॅस प्रकल्पांना चालू राहायचे आदेशच काढले होते. पण जी गोष्ट विजेवर आरामात होते, तिच्यासाठी नवा पाइप टाकताना जरा थांबावं. स्कूटर, छोटी कार, अंघोळीचं पाणी. स्वयंपाक... इथे मी अडखळतो. कारण सरकारचं लक्ष्य २०३४ पर्यंत बारा कोटींहून जास्त घरांत पाइप गॅस पोहोचवायचं आहे आणि आत्ताआत्ता, २०२५ मध्ये, आकडा होता दीड कोटीच्या आसपास. केवढे पाइप, केवढं खोदकाम! आणि आपण वापरतो त्यातला निम्म्याच्या आसपास गॅस बाहेरून येतो.

आपल्या शेगडीतला गॅस त्यातल्या त्यात स्वस्त असतो, कारण देशातल्या जुन्या विहिरींचा गॅस घरांना आणि सीएनजीला आधी द्यायचा नियम आहे. त्याच्या भावाला एप्रिल २०२३ पासून किरीट पारीख समितीच्या शिफारशीवरून टोपीही घातली आहे, सुरुवातीला साडेसहा डॉलरची. पण विहिरी म्हाताऱ्या होतायत आणि पाइप वाढतायत. २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सीएनजीला मिळणारा हा स्वस्त वाटा कापला गेला आणि लगेच पंपावरचा भाव चढला, आठवतंय? घरांचा वाटा तेव्हा वाचला. बारा कोटी शेगड्यांना तो कसा पुरवणार, हे मला कुणी कागदावर मांडून दाखवावं. नाही पुरला, तर उरलेला जहाजातून. जहाजाचा भाव कुणाच्या हातात, ते आपण आत्ताच पाहिलं.

एवढं सगळं डोक्यात घेऊन मी त्या रविवारी चारशे दोनकडे गेलो. म्हटलं, मला तुझं पटतंय, पण पूर्ण नाही. त्याने कॉफी केली – इंडक्शनवर, ऑफ कोर्स. दोन मिनिटांत उकळली, मानलं! मग मी विचारलं, ‘लाइट गेले तर?’ तो म्हणाला, ‘स्विगी.’ आम्ही दोघं हसलो. मग तो जरा सिरियस होऊन म्हणाला, ‘दादा, खरं सांगू? आपल्या बिल्डिंगच्या वायरिंगवर सगळ्यांनी एकदम संध्याकाळी सातला इंडक्शन लावलं ना, तर मेन उडेल. मी मीटिंगमध्ये हे बोललो नाही.’

बघा! म्हणजे त्याच्या बाजूलाही पाइप आहेच, फक्त तांब्याचा. जाड वायर, मोठा मीटर, गल्लीतला ट्रान्सफॉर्मर. गॅसचा असो वा विजेचा, पूल कुणीतरी बांधावा लागतो आणि कुणीतरी त्याचा हप्ता भरावा लागतो. आमच्या सोसायटीत फरक एवढाच की वायर जाड केली तर तिच्यावर उद्या चारशे दोनची स्कूटरही चार्ज होईल आणि काकूंचा एसीही चालेल. गॅसच्या पाइपातून फक्त गॅसच येतो.

पुढच्या मीटिंगमध्ये आम्ही दोघांनी मिळून ठराव मांडला. ज्याला गॅस हवा त्याने घ्यावा, पण सोसायटीच्या फंडातले पैसे आधी मेन वायरिंग बदलायला. खूप आरडाओरडा झाला. ‘पाइप फुकट येतोय आणि हे वायरिंगचा खर्च काढतायत’ असं सेक्रेटरीकाका म्हणाले. फुकट नाही काका, डिपॉझिट आहे, मी म्हटलं. ठराव दोन मतांनी पास. दोन! त्यातलं एक मत आईचं, आणि तिने ते का दिलं हे मला अजून कळलेलं नाही. बहुधा चहा थंड होत होता.

फॉर्म आम्हीही भरला. हो, भरला! आईला सिलिंडरचा रेग्युलेटर आता फिरवता येत नाही, बोटं आखडतात. परवा कंपनीचे दोन पोरगे आले. ओट्याच्या वर भिंतीला भोक पाडलं, मीटर लावला, शेगडीचं नोझल बदललं – पाइप गॅसचं भोक मोठं असतं, सिलिंडरचं चालत नाही. त्यांच्या मागोमाग इलेक्ट्रिशियन आला आणि ओट्याच्या दुसऱ्या टोकाला सोळा अँपियरचा पॉइंट काढून गेला. जाड वायरचा.

‘दोन-दोन कशाला?’ आई म्हणाली.

‘असू दे गं. एक आत्ताचा, एक नंतरचा.’

‘नंतरचा म्हणजे कधीचा?’

मी काहीतरी पुटपुटलो. तिने ज्योत बारीक केली, भाकरी तव्यावरून उचलून थेट आचेवर टाकली. टम्म फुगली.